रविवारची गोळी

आबांना शुगर आहे हे कळलं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. ते भराभर बोलत होते. त्यातलं मला नेमकं किती कळलं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. पण बाहेर आल्यावर आईनं विचारलं, तेव्हा सगळं कळल्यासारखंच सांगितलं. रोज सकाळी आठला एक गोळी, काही झालं तरी चुकवायची नाही. गोड पूर्ण बंद.

मग मी फार कडक झाले. गुळाची भेली उचलून शेजारी देऊन टाकली. हिंगोलीला हॉस्टेलवर असले की रोज सकाळी फोन करायची.

"आबा, गोळी घेतली का?"

"घेतली की. कॉलेजात जाऊन आज्याचा चहा कडू करायला शिकलीस. दुसरं काय शिकवून राहिले तिथं?"

आबा माझ्याशी खोटं बोलत नसत, त्यामुळे फोन ठेवला की मी निर्धास्त व्हायची. गोळीचं रोज विचारायची. जेवणाचं मात्र कधीच विचारलं नाही.

आबा खंडोबाचा रविवार धरतात. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, संध्याकाळी देवापुढे भंडारा वाहिला की मग भाकर. मी लहान होते तेव्हापासून बघत आले आहे. इतकं सवयीचं झालेलं, की ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नाही.

त्या रविवारी मी गावी होते. गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली. पाण्याचा तांब्याही मीच दिला. ती गिळून आबा मेंढरं घेऊन निघाले.

दुपारी आईच्या मोबाइलवर तात्यांचा फोन आला, तो मी उचलला. तात्या म्हणजे आबांच्या बरोबर मेंढरं चारणारे, त्यांच्याच वयाचे गडी. "तुझ्या आज्याचं बराबर दिसत न्हाई. लवकर ये." मी तशीच पळत सुटले, आई मागून येत होती. गोरेगावच्या रस्त्याखालचं ज्वारी काढलेलं रान, त्याच्या बांधावर आबा बसले होते. मेंढरं पार पुढं पांगली होती आणि आबा त्यांच्याकडे बघतही नव्हते.

थंडीचे दिवस होते, तरी अंगातली बंडी घामानं चिंब झाली होती. हात धरला तर गार लागला आणि थरथरत होता. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "कोणाच्या वो बाई तुमी?"

इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. त्यांनी ओरडून काही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते परक्या बाईशी बोलावं तसं माझ्याशी बोलत होते.

तात्यांनी पिशवीतून चहाची बाटली काढली. "सकाळपासून उपाशी हाय गडी. माझा चहा गोड हाय, पाजतो दोन घोट."

"नाही!" मी त्यांचा हात ढकलला. थोडा चहा मातीत सांडला. "शुगर आहे त्यांना. गोड दिलं तर काही तरी होईल."

"अगं पण त्याच्या पोटात..."

"तात्या, तिला कळतंय," आई म्हणाली. "ती शिकलेली हाय."

तात्यांनी हात मागे घेतला. बाटलीचं बूच लावलं. आबांची मान हळूहळू खाली येत होती आणि मी त्यांना ओढणीनं वारा घालत होते. किती वेळ गेला माहीत नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मग मला गावातल्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आठवल्या. त्यांना फोन लावून आबांचं सगळं सांगितलं.

"गोळी घेतली होती?"

"हो. मीच दिली."

"जेवण?"

"नाही. आज रविवार आहे."

मग सिस्टर ओरडल्याच. "अगं, साखर उतरलीय त्यांची! शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय का? मग साखर दे, गूळ दे, असेल ते गोड दे. आत्ता! आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात ने, पुन्हा उतरू शकते."

मी वर बघितलं तेव्हा तात्यांनी बूच आधीच काढलं होतं. आम्ही तिघांनी मिळून थोडा थोडा चहा पाजला. निम्मा हनुवटीवरून ओघळला. मी त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान उचलली आणि म्हणाले, "मेंढरं कुठं गेली रे?" मग मला बघून, "पोरी, तू काहून रडून राहिली?"

तालुक्याला जाताना जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. मागचे दोन-तीन रविवार हातपाय कापायचे, पण म्हातारपण समजून सांगितलं नाही, असं ते म्हणाले. मी हळूच म्हणाले, "आबा, तात्या चहा देत होते. मीच देऊ दिला नाही."

"कोणता चहा?" त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

दवाखान्यात त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं आणि गोळी बदलून दिली. या गोळीवर उपास चालणार नाही, असं डॉक्टरांनी या वेळी आबांनाच सांगितलं. गावात तात्या सगळ्यांना सांगत फिरले, की पोरीनं फोन लावला म्हणून वाचला. हात ढकलल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आई म्हणते, शिकल्याचं चीज झालं. मला तिच्याकडे बघवत नाही.

परवा आबांनी गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली पांढरी गोळी माझ्यापुढं धरली. "ही घेऊ का गं?"

पूर्वी मी पाकीट उलटसुलट वाचून उत्तर दिलं असतं.

"मला माहीत नाही, आबा," मी म्हणाले.

आईला वाटलं मी चेष्टा करते आहे, ती हसायला लागली. मी आबांच्या हातातून गोळी घेतली, चपला घातल्या आणि सिस्टरला विचारायला उपकेंद्राकडे निघाले.