हेटीटोल्याची साडेपाचची गाडी

कोसमटोल्याच्या बसस्टँडवर खैरुनबी झाडू मारायला लागली ती नवरा गेल्यानंतर, पस्तिसाव्या वर्षी. आता चौपन्नावं लागलं होतं. या काळात चार ठेकेदार बदलले, ती तिथंच राहिली. झाडूवाली असली तरी लोक तिच्याकडे यायचे ते गाडी विचारायला. चौकशीच्या खिडकीत कुणी नसायचं आणि खैरुनबी नेहमी असायची.

स्टँडच्या मागच्या अंगाला जंगलातल्या गावांच्या गाड्या लागत. तिथला दिवा दोन वर्षांपासून बंद होता. हिवाळ्यात सहालाच अंधारून येई. कॉलेजच्या सात मुली तिथंच उभ्या राहत, कारण पुढं उजेडात थांबलं तर गाडी मागून निघून जायची. साडेपाचची गाडी कधी सहाला यायची, कधी सातला, कधी यायचीच नाही. तेवढ्यात मोटारसायकलवाले येत. मुलींभोवती घिरट्या घालत, मोबाइल उंच धरून हसत. खैरुनबीची ड्यूटी पाचला संपे, पण पोरी गाडीत चढेपर्यंत ती त्यांच्याजवळच्या बाकावरून उठायची नाही.

त्यातली रिना हेटीटोल्याच्या कोलू मडावीची मुलगी. बारावी सायन्सला होती. बोलायची कमी, अक्षर मात्र देखणं. एका संध्याकाळी खैरुनबी म्हणाली, "रिना, लिव वं एक अर्ज. दिवा पायजे, गाडी टायमावर पायजे, चौकीत पोलीस पायजे." रिनाने लिहिला. साती जणींनी सह्या केल्या, शेवटी खैरुनबीने.

तीन महिन्यांनी साहेब लोक आले. फीत कापली, कॅमेरा बसवला, भिंतीवर पिवळ्या रंगात मदतीचा नंबर लिहिला, मुलींना गुलाब दिले. दिव्याचं विचारलं तर एक साहेब म्हणाला, खांब आमचा नाही. ज्यांचा खांब होता ते म्हणाले, जागा आमची नाही.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी साडेसहा झाले तरी गाडीचा पत्ता नव्हता. खैरुनबी कंट्रोलर हरिदासभाऊला विचारायला पुढं गेली. पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्यात मागून किंकाळी आली. ती झाडू घेऊनच धावली. कुणीतरी रिनाचा हात धरून तिला मुतारीच्या भिंतीकडे ओढत नेलं होतं. बाकीच्या पोरी ओरडत मागं धावल्या म्हणून त्याने सोडलं. रिनाची बाही फाटली होती, कोपर सोललं होतं. मोटारसायकल रस्त्याला लागली होती.

स्टँडवरच्या पोलीस चौकीला कुलूप होतं. भिंतीवरचा नंबर लावला तर पलीकडचा माणूस विचारत राहिला, "कोणत्या हद्दीत येते?" खैरुनबी हरिदासभाऊच्या खोलीत गेली.

"भाऊ, कॅमेऱ्यात त्याचं तोंड आलं असंल. दाखवा."

हरिदासभाऊने मान खाली घातली. "बाई, वायर जोडलीच नाई अजून. तीनदा लिवून देल्लं वर."

दुसऱ्या दिवसापासून रिना आली नाही. दोन आठवडे वाट पाहून खैरुनबी सुटीच्या दिवशी हेटीटोल्याला गेली. फाट्यावर उतरून जंगलातून दोन किलोमीटर चालली. कोलू कुंपणाला काट्या बांधत होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं.

"भाऊ, पोरगी हुशार हाय. तिचं कॉलेज नका तोडू," खैरुनबी म्हणाली.

"मले का हौस हाय, बाई?" कोलू म्हणाला. "रोज संध्याकाळी कुऱ्हाड घेऊन फाट्यावर उभा राह्यचो तिच्यासाठी. या रस्त्यानं वाघ फिरते. पण वाघाचं मले समजते. कुठी बसते, कवा उठते, समजते. तुमच्या स्टँडवरच्या मानसाइचं नाई समजत."

खैरुनबीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दिवा लागला का?" कोलूने विचारलं.

"नाई."

"गाडी टायमावर येऊन राह्यली?"

"नाई, भाऊ."

"मंग तुमी सांगा. तुमच्यावर माहा भरोसा हाय. पोरीले काही होनार नाई, एवढं तुमी म्हना. मी उद्याच पाठवतो."

म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण तिला ती पाच मिनिटं आठवली. पुढं कधी कंट्रोलरकडे जावं लागेल, कधी ताप येईल, कधी नवा ठेकेदार तिला काढून टाकेल. मग?

"मले नाई म्हनता येत," ती म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या रिनाने ऐकलं होतं. ती आत गेली, काळा चहा घेऊन आली. रडली नाही, रागावली नाही. तिने आपल्यावर नाहीतर बापावर तरी रागवावं, असं खैरुनबीला फार वाटलं.

दुपारी बापलेक तिला फाट्यापर्यंत सोडायला आले. कोलू पुढं चालत होता. रिना हळूच म्हणाली, "मावशी, बाकीच्या येतात ना?"

"येतात," खैरुनबी म्हणाली. आणखी दोघींनी कॉलेज सोडल्याचं तिने सांगितलं नाही.

तिघं फाट्यावरच्या सागाखाली उभी राहिली. गाडी तासभर उशिरा आली.