बिराजदार सरांचं लाल कार्ड

कल्पना करा, सकाळ उजाडतेय आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात. गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळं पॅडल, म्हणजे ताकीद द्यायची गोल पाटी, शर्टाच्या खिशात पेन आणि कार्डांचं पुडकं. समोरून एक मुलगी चालत येतेय. आपण भाजी आणायला जातो तसं हे चालणं नाही. ती सेकंदाला तीनपेक्षा जास्त पावलं टाकतेय, आणि तुम्ही तिच्याबरोबर राहायचं म्हटलं तर तुम्हाला पळावं लागेल. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. पुढची टाच टेकायच्या आधी तिचा मागचा पाय जमिनीवरून सुटला का? सुटला असेल तर क्षणभर ती हवेत होती, म्हणजे ती पळाली. कॅमेरा वापरायचा नाही. खाली वाकून बघायचं नाही. शेजारच्या पंचाला विचारायचं नाही. ती आली, समोरून गेली, आणि तेवढ्यात तुम्ही ठरवायचं.

सोमेश बिराजदार हे काम सतरा वर्षं करतायत. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक आहेत. मूळ गाव अक्कलकोटच्या पुढं, जिथं बसस्टँडवर मराठी बोलतात आणि घरी कन्नड. मी त्यांचा विद्यार्थी. चालण्याची शर्यत मला जमली नाही, मी इंजिनिअरिंगला गेलो. पण सरांच्या घरी जाणं-येणं राहिलं. त्यामुळे ही गोष्ट मला त्यांच्याच तोंडून कळली, तीही एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यानं.

सर स्वतः चालायचे. दोन हजार एक साली बावीस वर्षांचे असताना ते राज्य स्पर्धेत उतरले होते, वीस किलोमीटरला. त्यांच्याबरोबर अकलूजचा उदयसिंह जगदाळे होता. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच स्टोव्हवर डाळ शिजवायचे. उदयसिंह आधी पळायचा. चालायला त्याला सरांनीच शिकवलं. टाच कशी टाकायची, गुडघा कसा ताठ ठेवायचा, खांदा किती हलवायचा, सगळं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "सोम्या, तू कडंनं चाल, मी आतल्या बाजूनं चालतो. तुझ्या पावलाला पाऊल लावतो, म्हंजी मला येग कळंल."

सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघं सोळा किलोमीटर खांद्याला खांदा लावून चालले. पंच उभे होते रस्त्याच्या डाव्या कडेला. त्यांना आधी सर दिसत, आणि सरांच्या पलीकडे अर्धामुर्धा उदयसिंह. अठराव्या किलोमीटरला मुख्य पंचांनी सरांना लाल पॅडल दाखवलं. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिलं की शर्यतीतून बाहेर. उदयसिंहच्या नावावर एकही कार्ड नव्हतं. तो दुसरा आला. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागला, आणि आज फौजदार आहे.

"आमचं पाऊल एकच होतं," सर म्हणतात. "चुकलं असेल तर दोघांचं चुकलं असणार. तो माझ्या आडोशाला होता."

ही गोष्ट सरांनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल. दर वेळी उदयसिंहचं सांगण्यासारखं काहीतरी नवीन निघायचं. त्यानं पुण्यात घर बांधलं, त्याच्या घरात बुटांसाठी वेगळं कपाट आहे, त्याचे केस अजून काळे आहेत. व्हॉट्सॲपवर आपण त्याचं स्टेटस बघितलं हे त्याला कळू नये म्हणून सरांनी निळ्या खुणा बंद करून ठेवल्या होत्या. सगळ्यात वाईट स्टेटस पडायची रविवारी. त्यात उदयसिंहची मुलगी आरोही चालताना दिसायची. सरांची मुलगी बारावीला आहे, हुशार आहे, पण सकाळी सातच्या आधी उठत नाही आणि चालण्याच्या शर्यतीचं नाव काढलं की हसते. सर आरोहीचे व्हिडिओ थांबवून-थांबवून बघायचे.

एकदा त्यांच्या बायकोनं, भुवनेश्वरीताईंनी, पाठीमागून येऊन फोन पाहिला. "पंचवीस वर्षं झाली, अजून त्याच्याच शेजारनं चाललाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "होगली बिडी. सोडा की आता."

"मी पाय बघतोय तिचे."

"पाय बघायला कपाळाला आठ्या कशाला लागतात?"

या वर्षी फेब्रुवारीत राज्य चालणे अजिंक्यपद स्पर्धा सोलापुरात झाली. होटगी रस्त्याचा एक किलोमीटरचा तुकडा सकाळपुरता बंद केला होता. जायचं, वळायचं, यायचं. अशा दहा फेऱ्या. महिलांच्या वीस किलोमीटरमधून पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. आरोही वीस वर्षांची होती आणि तिची वेळ इतरांपेक्षा तीन मिनिटांनी चांगली होती.

पहाटे पंचांची बैठक झाली. मुख्य पंच मायाप्पा सर, नातेपुत्याचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी जागा वाटून दिल्या आणि विचारलं, "कुणाच्या घरातलं कोण शर्यतीत आहे का? असलं तर आत्ताच सांगा. नंतर माझ्या डोक्याला ताप नको."

बिराजदार सरांनी मान खाली घालून पेन चालतंय का ते तळहातावर बघितलं. आरोही त्यांच्या घरातली नव्हती. नात्यातलीही नव्हती. मायाप्पा सरांनी विचारलं त्याचं उत्तर 'नाही' असंच होतं, म्हणून ते गप्प राहिले. पण मायाप्पा सर जरा थांबले असते तर आपण बोललो असतो, असं त्यांना अजून वाटतं.

उदयसिंह त्यांना सुरुवातीच्या रेषेजवळ भेटला. ट्रॅकसूट, गॉगल डोक्यावर, हातात मुलीच्या पाण्याच्या बाटल्या.

"काय मास्तर, चष्म्याचा नंबर वाढला का?"

"वाढलाय. पाय दिसतात अजून."

"बास की मग. पोरीचं पाय नीट बघ. लई वर्सं मी तुझं बघितल्यात." तो हसला आणि सरांच्या पाठीत थाप मारली. आरोहीनं वाकून नमस्कार केला. "पप्पा नेहमी सांगतात तुमच्याबद्दल," ती म्हणाली. काय सांगतात ते सरांनी विचारलं नाही.

सहाला शर्यत सुटली. सरांची जागा वळणापासून तीनशे मीटरवर, कडुलिंबाखाली. पहिल्या फेरीत सहा-सातजणी एकत्र आल्या. दुसऱ्या फेरीपासून आरोही एकटी पुढं. मागं दीडशे मीटरवर केम गावची संस्कृती, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, दात आवळून चालणारी.

आरोही जवळ आली. तिचा डावा खांदा किंचित खाली जात होता आणि हाताची मूठ छातीच्या हाडापर्यंत येऊन परत जात होती. ती सरांचीच चाल होती. त्यांनी ती स्वतः बसवलेली, कुठल्या पुस्तकात नसलेली. उदयसिंहनं ती उचलली, मुलीला दिली, आणि ती आता त्यांच्याच समोरून पहिल्या नंबरनं जात होती. "मला अभिमान वाटायला पाहिजे होता," सर मला म्हणाले. "मला वाटलं, आमच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बघतोय."

पाचव्या फेरीत त्यांना तिचं पाऊल हलकं वाटलं. त्यांनी पिवळं पॅडल दाखवलं, नागमोडी रेघ असलेलं. म्हणजे ताकीद : पाय जमिनीवरून सुटू पाहतोय. तिनं पॅडलकडे बघून मान हलवली आणि वेग जरा कमी केला. सरांना ते बरोबर वाटलं. त्या पॅडलबद्दल त्यांच्या मनात आजही शंका नाही.

नववी फेरी सुरू झाली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. संस्कृती साठ मीटरवर आली होती. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, सरांच्या बरोबर समोर, उदयसिंह येऊन उभा राहिला. आरोही दिसली तसा त्यानं तोंडाभोवती हात धरले.

"आरू, चल आता. आता सोडू नगंस. सगळं आपलंच हाय."

सगळं आपलंच हाय. सर ते वाक्य सांगताना अजून त्याच्याच आवाजात सांगतात.

आरोहीनं वेग धरला. तिचं डोकं वरखाली झालं. ती सरांसमोरून गेली. सरांनी खिशातून कार्ड काढलं आणि लिहिलं : क्रमांक चौदा, वेळ सात वाजून चोवीस मिनिटं, नागमोडी खूण, सही. सायकलवरून कार्डं गोळा करणाऱ्या बाईंच्या हातात ते दिलं. लाल कार्ड एकदा लिहिलं की मागं घेता येत नाही. घ्यायचं असं त्यांच्या मनातही आलं नाही, तेव्हा.

त्यांच्या आधी दोन पंचांनी तिला कार्ड दिलेलं होतं. सरांना ते माहीत नव्हतं. पंच एकमेकांना सांगत नाहीत. सरांचं कार्ड तिसरं ठरलं. एकोणिसाव्या किलोमीटरला मायाप्पा सरांनी रस्त्यात येऊन आरोहीला लाल पॅडल दाखवलं.

सरांना ते लांबून दिसलं. ती थांबली, कमरेवर हात ठेवले, मग छातीवरचा नंबर काढायला लागली. "मला गार वाटलं," सर म्हणाले. "खोटं कशाला बोलू? उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं."

संस्कृती पहिली आली.

बक्षिसं झाल्यावर उदयसिंह सरांना शोधत आला. सर मंडपामागं खुर्चीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली. तो आता ओरडणार, लोक जमणार, आणि मग आपल्यालाही जुनं सगळं एकदाचं बोलता येणार, अशी त्यांची तयारी झाली होती. वाक्यंसुद्धा तयार होती; पंचवीस वर्षं घासून ठेवलेली.

उदयसिंह शेजारची खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे लाल होते. "बाकीच्या दोघांनी दिलं तवा मी म्हटलं, ह्यांना काय कळतंय," तो म्हणाला. "मग तिसऱ्या कार्डावर तुझी सही दिसली. तू दिलंस म्हंजी पाय सुटलाच असणार. तुझ्यासारखी नजर म्या बघितली न्हाय."

सरांच्या तयार वाक्यांना आता जागाच नव्हती. त्यांना त्याचा आणखी राग आला. घर त्याचं, नोकरी त्याची, मुलगी त्याची, आणि आता हा मोठेपणाही त्यालाच.

मागून आरोही आली. तिनं तोंड धुतलेलं होतं. ती रडली असेल, पण विचारायचं ते तिनं नीट विचारलं.

"सर, कुठला पाय?"

"काय?"

"सुटला तो. डावा की उजवा? तेवढं कळलं तर वर्षभर त्याच्यावर काम करते."

असं सरांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मुलं रडतात, प्रशिक्षक भांडतात, पालक व्हिडिओ घेऊन येतात. कार्डावर पाय लिहायची जागाच नसते. सरांनी सात चोवीसचा तो क्षण आठवला. ऊन आठवलं, तिचं डोकं आठवलं, रस्त्यापलीकडचा उदयसिंह आठवला, त्याचे तोंडाभोवती धरलेले हात, मनगटातलं घड्याळ. पाय आठवेना.

"डावा," ते म्हणाले.

आरोहीनं मान हलवली. "मला उजवा वाटत होता. बरं झालं विचारलं."

"बघ," उदयसिंह म्हणाला, "मी म्हटलं न्हवतं, मास्तरला इचार म्हणून?"

तेव्हापासून दर रविवारी आरोही सरांना एक व्हिडिओ पाठवते. डाव्या पायाचे व्यायाम, डावी टाच, डाव्या कमरेचा ताण. खाली लिहिते, 'सर, सुधारणा आहे का?' सर आता निळ्या खुणा चालू ठेवतात. उत्तर म्हणून अंगठा पाठवतात. पाचव्या रविवारी त्यांनी लिहायला घेतलं, 'आरोही, मला नक्की माहीत नाही,' आणि पुसलं. ते लिहिलं तर ती विचारणार, मग कार्ड कशाचं दिलं? आणि तिच्या खांद्यामागून तिचा बाप ते वाचणार.

गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. त्या दिवशी मीही शर्यत बघायला वळणाजवळ उभा होतो आणि मोबाईलवर, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं टिपणाऱ्या मोडवर, बरंच काही घेतलं होतं. नववी फेरीही होती, पण वळणाजवळची, सरांच्या जागेपासून तीनशे मीटरवरची. आम्ही लॅपटॉपवर एकेक चित्र पुढं सरकवलं. आरोहीचे दोन्ही पाय हवेत होते, सात चित्रं. मी म्हटलं, "सर, हे बघा, सुटलाय."

"संस्कृतीचं दाखव."

संस्कृतीचेही हवेत होते, सहा चित्रं. तिसऱ्या आलेल्या मुलीचे सात. कॅमेऱ्यातून बघितलं तर सगळ्याच थोड्याथोड्या उडत होत्या. म्हणून तर नियम डोळ्यांचा आहे. डोळ्याला दिसेल इतका सुटला तरच कार्ड. मी त्यांना बाकीच्या दोन पंचांची आठवण करून दिली. त्यांनी स्वतंत्रपणे तेच ठरवलं होतं.

"त्या दोघांनी त्यांचं बघितलं," सर म्हणाले. "माझं कोण बघणार?"

भुवनेश्वरीताई चहा ठेवून गेल्या. सरांनी चहाला हात लावला नाही. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही इंजिनिअर लोक पायाचे एवढे फोटो काढता," ते म्हणाले. "सात चोवीसला माझी नजर तिच्या पायावर होती, की रस्त्यापलीकडं त्याच्यावर, एवढं कुणी सांगू शकेल का रे?"