जुळे सोलापुरात अर्धं राहिलेलं गाणं

सोलापूरला मी गेले ती नाही म्हणायचाही कंटाळा आला होता म्हणून. एरवी एप्रिलमध्ये तिकडे जाण्यात शहाणपणा नाही. पण मी जॅझ गाते. म्हणजे परक्या मुलखातली, माझ्या जन्माच्याही आधीची इंग्रजी गाणी, ती गाजवणाऱ्या गायिकांना मनातल्या मनात नमस्कार करून गाते. असल्या बाईला कुणी लग्नाच्या वाढदिवसाला बोलावलं, तर तिने उन्हाची सबब सांगू नये.

त्यात पुण्यातल्या ज्या हॉटेलात मी दर शनिवारी गाते, तिथल्या मॅनेजरने आदल्याच दिवशी सुनावलं होतं, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून जुनी हिंदी घ्या. तुमची ही गाणी कुणी ऐकत नाही. सोमवारपर्यंत कळवा." ज्या गाण्यांत अर्धं आयुष्य गेलं ती सोडायची, की शनिवार सोडायचा, एवढाच प्रश्न होता. मी हो म्हणून मोकळी होणार होते. खरंच दमले होते हो.

पहाटे निघालात तर हडपसरची गर्दी चुकते. आम्ही अर्थातच नऊला निघालो. गाडी विनयची. विनय माझा कीबोर्डवाला. त्याची कंबर गेलीय आणि गाडीचा एसी त्याच्या कंबरेच्या आधी गेलाय. रस्ता मात्र छान आहे, फास्टॅग तेवढा भरून ठेवा. भिगवणला मासे खायचा मोह झाला तर ज्याला गाडी चालवायची नाही त्यानेच खावेत. आम्ही थेट मोडनिंबला चहाला थांबलो. चहावाल्याने मागच्या सीटवरचं कीबोर्डचं धूड बघितलं.

"भजनाला निघालाव का?"

"नाही हो, इंग्रजी गाणी गातो."

"सोलापुरात? कोण ऐकतंय ती?"

"तेच बघायला चाललोय," विनय म्हणाला. चहा गोडमिट्ट होता, पण झोप उडाली.

सोलापुरात लॉज घेताना एसीचे पैसे वाचवू नका, एवढं माझं ऐका. संध्याकाळी जुळे सोलापुरात यजमानांकडे गेलो. बसवराजकाका नोकरीत असताना मुंबईत राहायचे. शेजारच्या खोलीतून ही गाणी ऐकू यायची, तेव्हापासूनचं त्यांचं वेड. त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, त्यातलं ओ का ठो कळत नाही. त्यांचं लक्ष आमच्या ताटांवर. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, भरलं वांगं, वर शेंगापोळी.

"काकू, पोट भरलं की गाता येत नाही."

"अय्यो, मग काय उपाशी गाणार? आमच्याकडं न्हाय चालत तसलं."

दुसरी पोळी ताटात पडलीच. तुम्ही गात नसाल तर तिसरीही घ्या.

कार्यक्रम कॉलनीच्या हॉलमध्ये होता. पंखे घरघरत होते, मागे जेवणाच्या टेबलांवर भांडी वाजत होती. काकांनी मुद्दाम मागितलेलं गाणं मी शेवटी घेतलं. फार संथ आहे ते. त्यातली बाई नवऱ्याला कडव्यामागून कडव्यात जा म्हणते, सामान बांधून देते, दारापर्यंत सोडते. आणि अगदी शेवटच्या ओळीत म्हणते, जाऊ नको, राहा. सगळं गाणं त्या एका ओळीसाठी असतं. मी त्या ओळीच्या तोंडाशी आले आणि दारात गडबड झाली. प्रमुख पाहुणे आले होते, दीड तास उशिरा! निवेदकाने माझ्या हातातला माईक घेतला, "आपण इथेच थांबूया," म्हणाला आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फेटा, मग पाहुण्यांचं भाषण. मलाही शाल मिळाली. त्या उकाड्यात! भाषण संपताच मंडळी जेवणाकडे वळली आणि माईकवाला वायरी गुंडाळायला लागला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. 'सुटले' असं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली. विनयला म्हटलं, "आवर. मॅनेजरला आजच हो कळवून टाकते."

तेवढ्यात काकू आल्या. जरीचं लुगडं, कपाळावर घाम.

"ते गाणं अर्धंच राहिलं की ओ. सूनबाईला अर्थ विचारला, तर ती म्हणते बाई नवऱ्याला जा म्हणतीया. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला 'जा' म्हणून बंद करताव व्हय? पुढं काय हाय?"

"पुढे ती म्हणते, जाऊ नको, राहा."

"मग ते म्हणा की!"

"आता कोण ऐकणार काकू? सगळे जेवतायत. माईकही काढला."

"मी हाय की हितं." त्यांनी खुर्ची ओढली, काकांना हाताला धरून शेजारी बसवलं. "पुरं झाल्याबिगर मी ताटावर बसणार न्हाय."

विनयने कीबोर्डची वायर परत लावली. मी पहिल्यापासून गायले. मध्ये कुणीतरी मठ्ठा मागत होतं, आवाज दोनदा फाटला, पोटातली शेंगापोळी वर येत होती. शेवटची ओळ आली तेव्हा काकांनी डोळे मिटले होते. मला रडू फुटलं. तशीच गायले.

"आता बरं झालं," काकू म्हणाल्या आणि उठल्या. "चला, जेवून घ्या."

"पुन्हा?" विनय कण्हला.

येताना शेंगाचटणी आणि चादरी घेतल्या, तुम्हीही घ्या.

सोमवारी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, मी हीच गाणी गाणार. तो म्हणाला, मग सॉरी मॅडम. त्याचंही बरोबर असेल. फोन ठेवल्यावर शनिवारच्या पैशांची काळजी लागली. ती अजून आहे, खोटं कशाला बोलू? थकवाही गेलेला नाही.

पण परवा हॉटेलाविना पहिला शनिवार आहे, विनयला घरी बोलावलंय. खालच्या मजल्यावरच्या दोघी ऐकायला येतो म्हणाल्यात. जेवण गाण्यानंतर आहे.