सासऱ्यांचा सदरा

सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात तळ्यातले मासे वर्षातून एकाच दिवशी धरतात, उन्हाळ्यात पाणी कमरेवर आलं की. एरवी कुणी गळ टाकलेलासुद्धा गाव खपवून घेत नाही. काठावर प्रत्येक घराची जागा ठरलेली. ज्या घराचं जाळं त्या दिवशी पाण्यात उघडणार नाही, त्याची जागा शेजारच्याला जाते. कायमची.

आमची जागा ओहोळाच्या तोंडाशी. तिथे बारकी पिल्लं गोळा होतात, म्हणून सासऱ्यांचं जाळं मुद्दाम मोठ्या भोकांचं, तीन बोटं आरपार जातील असं. पिल्लं निसटतात, वाढतात आणि पुढच्या वर्षी अख्ख्या गावाच्या कालवणात येतात. शेजाऱ्याकडे होतं बाजारातलं, मच्छरदाणीसारखं बारीक जाळं, आणि त्याचा डोळा होता आमच्या जागेवर. त्या वर्षी नेमका सासऱ्यांचा गुडघा धरला आणि नवऱ्याला शहापूरकडच्या कंपनीत सुट्टी नाही असं आधीच कळलं. शेजारी रोज येऊन गुडघ्याची चौकशी करायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मी टाकते जाळं," मी म्हटलं.

सासूबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "बाया कवा जाळं टाकतात गो?"

"टाकत नसतील. मी टाकीन."

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात माझी शाळा भरली. सासरे बांधावर बसून ओरडायचे. शेतकामाला घालते तसा नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवायचा, जाळ्याची एक कड दातांत धरायची आणि कमरेतून फिरून फेकायचं. जाळं उघडायचंच नाही, गोधडीसारखं धपकन पडायचं. एकदा त्यात सासूबाईंची कोंबडी सापडली. त्या रात्री सासूबाईंनी माझ्या ताटात भाकरी आपटूनच वाढली. पण थंडी सरेपर्यंत माझं जाळं गोल पडू लागलं होतं.

तळ्याच्या दिवशी सासूबाईंनी शर्ट हातातून काढून घेतला. "सारा गाव बघनार. ह्या फाटक्यात नाय जायचा." मग मी चांगली साडी नेसले आणि हातभर हिरव्या बांगड्या घालून पाण्यात उतरले.

पहिल्याच फेकीला जाळं बांगड्यांत अडकलं आणि गोळा होऊन माझ्याच पायाशी पडलं. काठावर हशा पिकला. शेजारी म्हणाला, "बांगड्या काढून ठेव ना." माझा नवरा तिकडे धडधाकट मशीनवर उभा, आणि हा मला बांगड्या काढायला सांगतो! रागाने मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण नुसत्या रागाने जाळं उघडत नाही.

तेवढ्यात काठावर बसलेल्या सासूबाई उठल्या आणि सासऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काढा तो सदरा."

"हितं?"

"हितंच."

सासरे चारचौघांत बनियनवर बसले. सासूबाई सदरा घेऊन तशाच चिखलातून माझ्यापर्यंत आल्या, तो माझ्या अंगात घातला, बाह्या बांगड्यांवरून खाली ओढल्या आणि मनगटाची बटणं स्वतः लावली. "टाक आता. आन् कोंबडी नको धरू."

जाळं तव्यावर भाकरी पडावी तसं पाण्यावर सपाट पडलं. ओढू लागले तर दोरी हिसके देत होती. दोन कटला मासे होते, एक तर माझ्या हाताएवढा लांब. पिल्लं भोकांतून भराभर निसटून ओहोळाच्या तोंडाशी परत गेली, आणि मी लाज सोडून मोठमोठ्याने हसले. सासरे दुखऱ्या गुडघ्यासकट उभे राहिले होते. शेजारी आपलं जाळं झटकत बसला होता, त्यात झटकण्यासारखं काही नव्हतं तरी.

संध्याकाळी सदरा धुऊन दोरीवर टाकला. माशांचा वास काही गेला नव्हता. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी अंगात घालायला म्हणून तो मागितला.

"तुमी दुसरा घ्या," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "तो आता जागेवरचा हाय. फुडल्या साली तिला लागंल."