गाठीचं दुसरं टोक

हा अनुभव लिहू की नको, यावर मी चैत्रापासून स्वतःशी भांडते आहे. देवीच्या दारात मला काही मिळालं असं लिहायचं, तर गेली चार वर्षं मी जे छापून वाटत आले त्यातल्या निम्म्या ओळी मलाच खोडाव्या लागतात. आणि नाही लिहिलं, तर ज्यांनी दिलं त्यांचं देणं लपवल्यासारखं होतं. लपवायची सवय मला जुनी आहे. ती मोडायची म्हणूनच लिहिते.

मी वाशीमला राहते. ज्यांच्या घरात तरुण मुलाला किंवा मुलीला मनाच्या आजाराने गाठलं आहे, अशा आया, बाप, बहिणी यांच्या बैठका घेणं हे माझं काम. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. ज्याने हे घरात भोगलं त्याने दुसऱ्या भोगणाऱ्याजवळ बसायचं, एवढीच आमची पद्धत. नियम दोन. बैठक दर महिन्याला पाळीपाळीने एकेकाच्या घरी व्हायची, म्हणजे झाकून ठेवलेल्या घराचं दार निदान एकदा तरी उघडतं. आणि बैठकीत कुणी जे बोलेल ते उंबऱ्याबाहेर जायचं नाही. हे दोन्ही नियम मीच सगळ्यांकडून घोकून घेतले होते. दोन्ही मीच मोडले.

पहिला मोडला तो हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. चार वर्षांत माझ्या घरची पाळी कधी आलीच नाही. "मी तर कार्यकर्ती," असं म्हणत मी ती पुढे ढकलत गेले. दुसरा मात्र मी एका दुपारी मोडला, चांगल्या दोनशे प्रती काढून. कॉलेजपासून मी पत्रकं लिहिते. पाण्याच्या टाकीसाठी लिहिली, बसथांब्यासाठी लिहिली. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची मान पकडायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही, हे मला जमतं. मनाच्या आजारासाठी लोक अंगाऱ्या-धुपाऱ्यामागे धावतात याचा मला भयंकर संताप यायचा. अजूनही येतो. त्या संतापात लिहिताना समोर माणूस दिसत नाही, फक्त उदाहरण दिसतं.

रिठद गावच्या शेवंतामावशी आमच्या बैठकीला यायच्या. नवरा-बायकोची थोडी कोरडवाहू जमीन, एकुलता एक मुलगा उमेश, वीस वर्षांचा. त्याला कानात आवाज येतात. गोळ्या चालू असल्या की बरा राहतो, शेतावरही जातो. मागच्या वर्षी गोळ्या सुटल्या तेव्हा तो घरातून निघून गेला आणि पाचव्या दिवशी कारंज्याच्या बाजारात सापडला, पायाला फोड आलेले, अंगावर शर्ट नाही. ते सांगताना एकदा मावशी खाली मान घालून म्हणाल्या होत्या, "तवापासून झोपताना त्याचं मनगट माया मनगटाले बांधतो मी. लुगड्याच्या काठानं." एवढंच. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या; त्यांना कळलं होतं.

मला कळलं नव्हतं. मी पत्रक काढलं. पिवळा कागद, वर मोठ्या अक्षरांत: "आई, तू लेकराला बांधतेस का?" खाली एका गावातल्या एका आईची हकीकत. नाव दिलं नव्हतं, पण वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा आणि कारंज्याचा बाजार दोन्ही दिलं होतं. ते वाचून रिठदमध्ये कुणाला नाव हवं होतं? मी स्वतः जाऊन ती पत्रकं पारावर वाटून आले आणि भाषणही करून आले.

वाशीमच्या दवाखान्यात दर शुक्रवारी गोळ्या मिळतात. ज्या शुक्रवारी मावशींना महिन्याच्या गोळ्या न्यायच्या होत्या, त्या शुक्रवारी त्या आल्या नाहीत. शनिवारी गेले तर घराला कुलूप. शेजारच्या काकू ओट्यावर डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूपही थांबवलं नाही.

"आता काहून आल्या? तुमच्या कागदानं तं पाठवलं तिले."

"कुठे गेल्या?"

"पोहरादेवीले. नळावर गेली का बाया इचारत, काय वं, आज बांधलं का सोडलं? माणसानं किती आयकाव? घेतलं पोट्ट्याले अन् गेली. परतून येईन का नाही, तिचं तिले माईत."

घरात किती गोळ्या उरल्या असतील याचा मी हिशेब केला. आठवडाभर, फार तर. म्हणजे पुढच्या शुक्रवारी मावशी दवाखान्यात उभ्या राहिल्या नाहीत, तर उमेश पुन्हा रस्त्यावर. आणि या वेळी त्याला रस्त्यावर आणणारी मी.

पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या जगदंबेच्या त्या ठाण्यावर, रामनवमीची जत्रा होती. वाशीमहून जत्रेच्या जादा गाड्या सुटत होत्या, त्यातल्या एकीत मी उभ्यानेच गेले. देवस्थानाला जाण्याची माझी ती अनेक वर्षांतली पहिली वेळ, आणि तीही देवीसाठी नव्हे. उतरले तर नजर पोचेल तिथवर माणसं. पांढरी निशाणं खांद्यावर घेतलेले तांडेच्या तांडे, आरशांची ओढणी घेतलेल्या बाया, डोक्यावर बोचकी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि त्या सगळ्यावर चैत्राचं ऊन. तीन तास फिरले. रांगा पाहिल्या, मांडव पाहिले, पाण्याची टाकी पाहिली. मावशींचं लुगडं नेहमी हिरवं, म्हणून प्रत्येक हिरव्या लुगड्यामागे गेले आणि प्रत्येक वेळी दुसरीच बाई वळून माझ्याकडे बघायची.

शेवटी हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात त्या मांडवात गेले. एका आईला आणि तिच्या आजारी मुलाला शोधते आहे, म्हटलं. माईकवरचा माणूस भला होता. घसा पार बसलेला. "सांगा ताई, नाव, गाव, वय. पोरगा डोक्यानं कमी हाय का? तसं सांगतलं का लोक लवकर वळखतात."

त्याने माईक माझ्यापुढे सरकवला. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बोलणं हे माझं हत्यार, आणि समोर एवढी माणसं. पण तिथे मी जे बोलले असते ते त्या पत्रकाहून मोठ्या अक्षरांत झालं असतं. सबंध जत्रेने त्या दोघांकडे बोट दाखवलं असतं. मी म्हणाले, "राहू द्या दादा," आणि बाहेर आले.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मला असं कधी झालं नव्हतं. माझ्याकडे नेहमी पुढचं पाऊल तयार असतं. एका निंबाखाली बसले. मंदिराचा कळस समोर दिसत होता. मी हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. मनातल्या मनात एवढंच म्हटलं: बाई, माझं चुकलं. मला काही सुचत नाही. आता तूच बघ. हे देवीला म्हटलं की शेवंतामावशींना, ते मला आजही सांगता येत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. समोर एक म्हातारी उभी. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. तिने मला काही विचारलं नाही. कागदात बांधलेला प्रसाद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "खा बाई. उपाशीपोटी रडू नाही."

गूळ-तुपाचा चुरमा होता. मी पुडी उलगडली. कागद पिवळा होता. तुपाने पारदर्शक झालेल्या कागदावर माझीच अक्षरं: "आई, तू लेकराला".

"आजी, हा कागद कुठून?"

"अवं, द्रोण सरले आमचे. तथी टाकीमागं एक बाई बसली हाय, तिनं पिशवीतून गठ्ठाच काढून देल्ला. म्हणे, घ्या, आता तरी कोनाच्या कामी येऊ द्या."

मी उठून पळाले. टाकीच्या मागच्या बाजूला, सावलीच्या पट्ट्यात शेवंतामावशी बसल्या होत्या आणि शेजारी उमेश. दोघांच्या मनगटांना एकच ओढणी बांधलेली. त्यांनी मला पाहिलं, पण हलल्या नाहीत.

"सापडली का तुले मी? आता काय फोटो काढतं?"

"मावशी, चुकलं माझं."

"तुयं काय चुकलं? तुले लिहिता येते, तू लिहिलं. मले येत नाही, मी गोळा केलं. घरोघर जाऊन मांगून आणले तुये कागद. म्हटलं, द्या बाई, तांदूळ निवडाले पाह्यजे." एवढं बोलून त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "मी काय त्याले मारासाठी बांधत होतो का वं?"

उत्तर उमेशने दिलं, माझ्याकडे न बघता. या मुलाला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

"ताई, आई नाही बांधत. मीच बांधाले लावतो. सुटलो का मी मलेच सापडत नाही. तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी तिथेच मातीत बसले. माझ्या दोनशे प्रतींत हे एक वाक्य नव्हतं, आणि ते मिळवायला फक्त विचारायचं होतं. मग मी गोळ्यांचं विचारलं. मावशींनी कमरेची पिशवी काढून दाखवली. देवीजवळ आल्या म्हणून त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती; सकाळची गोळी अंगाऱ्याबरोबर दिली होती. "देवीनं काय गोळ्या बंद करा म्हणून सांगतलं?" त्या म्हणाल्या. "मले तं त्या रांगेत उभं राहाची लाज वाटून राह्यली. तथी आपल्याच गावचे येतात."

नंतर त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुया घरी कोन हाय गं? या कामात तू आली कायची?"

चार वर्षांत बैठकीतल्या कुणी मला हे विचारलं नव्हतं, कारण मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. मी सांगितलं. माझा मोठा दादा. परीक्षेच्या वर्षी तो खोलीत गेला आणि नीटसा बाहेर आलाच नाही. आई त्याला जेवण नेऊन देते. आणि पाहुणे आले की त्याच्या दाराला बाहेरून कडी लागते. ती कडी आई लावत नाही. मी लावते. "लाज सोडा, बोलते व्हा" हे मी ज्या टेबलावर लिहिते, ते टेबल त्याच दाराला लागून आहे.

मावशींनी गोळ्यांची पिशवी परत कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी येतो मी. पन बैठक तुया घरी."

"हो."

"कडी न लावता."

"हो."

दर्शनाच्या रांगेत आम्ही तिघं उभे राहिलो. गाभाऱ्याजवळ रेटारेटी वाढली तशी मावशींनी आपल्या मनगटाची गाठ सोडली आणि ओढणीचं टोक माझ्यापुढे धरलं. "धर. सोडू नोको. मले देवीले दोन्ही हात जोडाचे हायत. साल झालं, जथी जातो तथी एकाच हातानं नमस्कार करून राह्यली." उमेशने ते टोक माझ्या मनगटाला बांधलं, घट्ट, स्वतःच्या हाताने. मागून लोट आला तेव्हा मला वाटलं होतं मी त्याला सांभाळते आहे. पण माझाच पाय उचलला गेला आणि त्या ओढणीने मला उभं ठेवलं. मावशी देवीसमोर उभ्या होत्या, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून. पुजारी "चला, चला" म्हणत होता आणि त्या हलत नव्हत्या. मला नमस्कार करता आला नाही. माझा एक हात बांधलेला होता.

बाहेर आल्यावर मी त्या म्हातारीला शोधलं. ती दिसली नाही. एवढ्या माणसांत कशी दिसणार? ती कोण होती यावर मी डोकं चालवत नाही. टाकी मी आधी पाहिली होती, तिच्या मागे गेले नव्हते, एवढं मला माहीत आहे. आणि मी बोलायचं थांबवून बसल्यावरच कुणीतरी माझ्याजवळ आलं, हेही.

शुक्रवारी सकाळी मी पेचकस घेऊन दादाच्या दाराची बाहेरची कडी काढली. लाकडाला चार भोकं राहिली. आई बघत होती. तिने फक्त खाली पडलेले स्क्रू उचलून डबीत ठेवले. दवाखान्यातून गोळ्या घेऊन सगळ्या जणी दुपारी आमच्याकडे आल्या. मावशींनी रांगेत आपला नंबर आल्यावर उमेशचं नाव मोठ्याने सांगितलं, असं मागून कळलं. बैठकीत पहिल्यांदा मी बोलले, हातात कागद न घेता, आणि फार वाईट बोलले. मध्येच अडले, रडले. कुणी मला थांबवलं नाही. उमेश दादाच्या दाराला टेकून बसला होता. दादा बाहेर आला नाही. पण चहा झाला तेव्हा दार चार बोटं उघडलं आणि आतून विचारणा झाली, "साखर कमी आहे ना?" उमेशने कप आत सरकवला.

दुसरं काही घडलं नाही, आणि मला आणखी काही नको होतं. पत्रकं मी अजून लिहिते. लेकरांचा आजार जे लोक धंद्याला लावतात त्यांच्यावर रागही तसाच येतो. पण आता मजकूर छापण्याआधी ज्याचा आहे त्याला वाचून दाखवते. तो नको म्हणाला तर फाडते. जगदंबेपुढे मी काही अर्पण केलं नाही. माझ्याजवळ होता तो एवढाच, मलाच सगळं ठाऊक असल्याचा माज, आणि तो तिने न मागताच ठेवून घेतला. तिचे उपकार मी कशाने फेडणार? पुढच्या चैत्रात आम्ही चौघं जाणार आहोत. मावशी, उमेश, मी आणि आई. दादाचं अजून ठरत नाही. उमेश म्हणतो, ओढणी लांब आहे, पुरेल.