कंडक्टरच्या ओसरीतला क्रोशा

लोक म्हणतात, म्हातारपणी माणसानं संशय घेणं सोडलं पाह्यजे. मी म्हणतो, सोडाचं कसं? उभी नोकरी नांदुरा-जळगाव जामोद रोडवर कंडक्टर म्हणून काढली. खिडकीबाहेर एकटक पाहणारा पॅसेंजर दिसला की समजाचं, याच्यापाशी तिकीट नाही! नोकरी रिटायर झाली, नजर काही रिटायर होत नाही. अन् नजर चालू असली की किस्से आपोआप साचतात, कोपऱ्यात कचरा साचते तसे.

बसचे किस्से सगळेच कंडक्टर सांगतात. मी सांगतो ते क्रोशाच्या क्लासचे. हसा, हसा! सारं नांदुरं हसलं, तुम्ही काऊन मागं राहता?

क्लास खरा आमच्या सिंधूचा. म्हणजे माह्या बायकोचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतले लेकरं ओसरीत गोळा कराची, अन् त्यायले तोरणं, रुमाल, लोकरीचे ससे शिकवाची. मंग तिले लकवा मारला. चालणं-बोलणं परत आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणे, डाव्या हातानं कामं करत जा. हिनं साऱ्या सुया पेटीत टाकल्या अन् म्हणे, "संपलं आता माह्यं." ओसरीत येणंही बंद. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे पाहत बसाची.

मले ते पाह्यवत नव्हतं हो. म्हटलं, लेकरायची कलकल कानावर पडली तं कधीतरी उठून बाहेर येईल, सुई हातात घेईल. मले दुसरं काही नव्हतं पाह्यजे. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मीच क्रोशा शिकलो, अन् क्लास चालू केला.

*

पह्यल्या दिवशी शेजारची वैशाली तिच्या ओवीले घेऊन आली. लेकीले सोडलं, पण स्वतः काही जाईना! सुपात गहू घेऊन आली होती, ओसरीच्या पायरीवर बसून निवडत राह्यली. गहू पाहे कमी अन् मले पाहे जास्त.

क्लास सुटल्यावर हळूच जवळ आली. "काका, एक विचारू? राग नोको मानू."

"विचार."

"क्लास फुकट म्हणता. रिटायर माणूस फुकटात काही करत नाही. शेवटी आमच्या नावानं पॉलिसी तं नाही काढाची न?"

घ्या! मी हात जोडले. म्हटलं बाई, पॉलिसी नाही, निस्ता रुमाल आहे. अन् मी विणलेला नमुना तिच्या हातात ठेवला. तिनं उलटा केला, सुलटा केला.

"चांगला आहे," म्हणे. "पण दुसऱ्या पायाचा कुठी आहे?"

*

मंग लाल लोकर गायब व्हाले लागली. सकाळी भरलेला गुंडा, संध्याकाळी लिंबाएवढा! मी म्हटलं, हे पोट्टेच घेऊन जाऊन राह्यले. दुसऱ्या दिवशी दारात उभा राह्यलो अन् एकेकाची पिशवी तपासली. बसमध्ये तपासणीवाले चढतात न, तस्साच रुबाब!

एकाही पिशवीत काही सापडलं नाही. डोकं गरम झालं. तसाच दूध आणाले निघालो. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानवाला गल्ल्यावर बसला होता. मले पाहून म्हणे, "कंडक्टरसाहेब, रोज हे काय नवीन?"

"काय?"

"घरापासून लाल दोरा सोडत येता. वापस जाताना रस्ता चुकू नाही म्हणून का?"

मागं पाह्यलं. लोकर माह्या सदऱ्याच्या बटनात अडकली होती, अन् सारी गल्ली लाल!

*

आदेश नावाचा एक पोट्टा आहे. भलता बदमाश. सात दिवसांत त्याले साखळीचे टाके जमले नाहीत, अन् आठव्या दिवशी पूर्ण ससा घेऊन आला! गुलाबी कान, काचेचे डोळे. मी ससा उचलला अन् पोटाखाली पाह्यलं. कंपनीचा टॅग शिवलेला!

"आदेश, हा ससा तूच विणला?"

"हाव, आबा."

"मंग हा टॅग?"

पोट्ट्याची पापणी हालली नाही. "टॅग तेवढा विकतचा आहे, आबा. ससा उघडा उघडा दिसत होता!"

आतल्या खोलीतून खुसकन् हसल्याचा आवाज आला. मी धावत गेलो. सिंधू भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणे, "खोकला आला."

*

हसली असेल का? त्याच विचारात होतो, अन् खरा घोळ चालू झाला.

चहाच्या कपाखाली ठेवाच्या गोल चकत्या मी लेकरायले शिकवत होतो. झोयाची चकती पाह्यली अन् चमकलो. झोया म्हणजे टेलरची पोरगी. टाके कसे, मोत्यासारखे! अन् सारे उलट्या दिशेनं झुकलेले. डावखुऱ्या माणसाचं काम असं येते, हे मी व्हिडिओत पाह्यलं होतं. झोया तं उजव्या हातानं विणते! दुसऱ्या दिवशी ओवीच्या चकतीतही तसेच टाके.

म्हणजे लेकरायच्या नावानं घरी कोणाची तरी माय विणून राह्यली. अन् थे माय डावखुरी आहे!

पण विचाराचं कसं? मी डोकं लढवलं. लेकरायले घ्याले आलेल्या प्रत्येक बाईले चहा पाजाचा, अन् कप कोणत्या हातानं धरते ते पाहाचं. स्वतः चहा केला. ट्रे घेऊन समोर उभा राह्यलो अन् एकेकीच्या हाताकडे डोळे लावले.

झोयाची माय रुखसाना भाभी कप उचलता उचलता थांबली. मले पाह्यलं, चहाले पाह्यलं.

"भाईसाब, चाय में क्या मिलाया?"

"काही नाही, भाभी. अद्रक."

"फिर पहले आप पियो!"

साऱ्या बायांनी कप खाली ठेवले. वैशालीनं ओवीचा हात धरला. म्हणे, "काका, बायांच्या हाताकडे असं पाहणं बरं नाही. उद्यापासून पोरीले पाठवाचा विचार करा लागते." झालं! आता क्लास मोडते, ओसरी सुनी होते, अन् सिंधू जन्मभर त्या भिंतीकडे पाहत बसते. मंग मी साऱ्यायले चकती दाखवली, अन् माह्या मनातला संशय सांगून टाकला.

रुखसाना भाभीनं चकती पाह्यली. वैशालीनं पाह्यली. दोघी एकमेकींकडे पाहत राह्यल्या. मंग दोघींनी निमूट कप उचलले, उजव्या हातानं, अन् थंडा चहा पिऊन टाकला.

"क्लास बंद नोको करू, काका," वैशाली म्हणे. अन् जाता जाता तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाह्यलं.

*

मी दुपारी जेवून खाटेवर पडतो, थे चारलेच उठतो. त्या दिवशी झोप लागली नाही. क्लासले अजून वेळ होता, तरी ओसरीतून कुजबुज आली. दाराच्या फटीतून पाह्यलं.

सिंधू खुर्चीवर बसली होती. ओसरीत! लेकरं पायाशी. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताच्या बोटायले झोया लोकर गुंडाळून देत होती, अन् सिंधू डाव्या हातानं सुई चालवत होती. हळूहळू, दातात ओठ धरून. माह्या डोळ्यायले धार लागली.

झोया म्हणे, "आजी, आता आबाले सांगू का?"

"नोको वं," सिंधू म्हणे. "सांगतलं तं थे शिकवणं बंद करतील. दिवसभर माह्या तोंडाकडे पाहून झुरत होते. आता कुठी कामाले लागले. शिकवू द्या त्यायले. त्यायनं बिघडवलेलं मी दुपारी नीट करते."

मी मांजराच्या पायानं खाटेवर आलो, आडवा झालो अन् जोरजोरात घोराले लागलो.

मंग पायांचा आवाज आला. झोया खाटेपाशी येऊन उभी राह्यली.

"आबा, आजी म्हणते, हे घोरणं खोटं आहे. उठा, तुमची सुई घ्या अन् बाहेर या. तुमचं सारं उसवून पह्यल्या साखळीपासून शिकवा लागते!"