दसऱ्याला रंगवलेले ड्रम

परवा आंब्याच्या पेटीतून कार्बाइडचा तो लसणासारखा वास आला आणि माझी मूठ आपोआप आवळली. सत्तरच्या दशकात मी नागपुरात फायरमन होतो. दसरा होऊन आठवडा झाला असेल, भर दुपारी आमचा बंब कन्हानजवळच्या एका कारखान्यात पोहोचला, तेव्हा गोदामात रिकाम्या पोत्यांचा ढीग पेटला होता. ढिगाला खेटून ड्रमची रांग. सगळे एकसारखे कोरे निळे, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूची सुकलेली माळ. मी नळी उचलली तोच मॅनेजर ओरडले, "बघता काय, पाणी मारा! ड्रममध्ये तेल आहे!" तेवढ्यात एक म्हातारा कामगार आडवा आला. "पानी नका मारू गा! कार्बाइड हाये, पान्यानं भडका उडते!" आम्हाला तर पाणीच मारायला शिकवलेलं. ड्रमवर एक अक्षर नव्हतं. धुरात मी नळी आवळून नुसता उभा राहिलो. शेवटी कोणीतरी आवारातली रेती घमेल्यांनी आणायला लागलं आणि आग दबली. "कार्बाइड कोणत्या ड्रममध्ये आहे?" मी म्हाताऱ्याला विचारलं. "तेच तं समजून नाही राहिलं," तो म्हणाला, "पूजेसाठी मीच रंगवले ना सारे. नावं बी झाकली गेली." पाणी सोडलं नाही म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पण मी काही ठरवलंच नव्हतं. हात घाबरून आवळला होता, आणि हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.